शेअर्ड होस्टिंगवर साधा चर्चामंच चालवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

दीडशे सदस्यांच्या गिर्यारोहण गटासाठी, तेही स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक संकेतस्थळांनी वाटून घेण्याची सोय) चर्चामंच हवा असेल, तर माझ्या मते पीएचपीबीबी घ्यावे. २००० सालापासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते, आणि या दोन्ही सोयी अशा होस्टिंगमध्ये बहुधा असतातच. डिस्कोर्स हे दुसरे चर्चामंच-सॉफ्टवेअर देखणे आहे, मोबाइलवर वापरायलाही सुखाचे आहे. परंतु त्यासाठी डॉकर (सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात चालवणारे साधन) चालवू देणारा सर्व्हर आणि किमान १ जीबी रॅम लागते, म्हणजे एवढ्याशा गटासाठी दरमहा वेगळा खर्च आला. फ्लॅरम हे तिसरे सॉफ्टवेअर हलके असले तरी त्यात नव्या सुविधांची भर घालायला सहसा कंपोझर (पीएचपीचे जोडभाग बसवणारे साधन) लागतो.

खरा त्रास स्पॅमचा होतो. पीएचपीबीबीमध्ये नोंदणीच्या वेळी चित्रातील अक्षरांऐवजी स्वतःचा प्रश्न विचारता येतो. ‘शिवनेरी कोणत्या तालुक्यात आहे?’ असा प्रश्न ठेवून ‘जुन्नर’ हे उत्तर देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत नोंदवून ठेवावे, कारण पुष्कळ जण अजूनही रोमनमध्येच टंकतात (आपले सदस्यही त्याला अपवाद नसावेत). नव्या सदस्यांचे पहिले काही संदेश संमतीनंतरच प्रसिद्ध होतील, अशी व्यवस्थाही त्यात आहे. ती बंद करू नये.

डेटाबेसचा आणि जोडलेल्या छायाचित्रांचा बॅकअप मात्र आपला आपणच घ्यावा.