आठवीत आलास ना? मग हे ऐक

यंदाच एलिमेंटरीचा, म्हणजे चित्रकलेच्या पहिल्या सरकारी ग्रेड परीक्षेचा, अर्ज भर. दहावीला वाढीव गुण मिळतात ते इंटरमिजिएटचे, म्हणजे पुढच्या परीक्षेचे, पण पायरी हीच. वस्तुचित्र, संकल्पचित्र बहुतेकांना जमून जातं. मार बसतो तो भूमिती-अक्षरलेखनात. रोज पाच अक्षरं पट्टी लावून काढ. पोस्टर कलर घट्ट वाटला म्हणून पाणी ओतत बसू नकोस, डाग पडतात. (हे मी थेट स्मरणचित्राच्या पेपरात शिकलो.)

खो-खोची निवड आपल्याकडे शाळा उघडताच होते, सुट्टीत पळणं सोडलंस तर गेलंच. आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स काढ. क्रीडागुणांचा, म्हणजे दहावीला खेळाच्या वाढीव गुणांचा, प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. ऐनवेळी मूळ कागद शोधत कपाटं उपसणारी पोरं दरवर्षी बघतो.