स्ट्रोकनंतर वाचा जाते त्यावर संशोधन करायचंय. स्पीच थेरपिस्टने आधी नोकरी करावी की थेट पीएचडी?

माझं मत: आधी काही वर्षं रुग्णांसोबत. अफेजियात (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते, त्या अवस्थेत) बुद्धी बहुतेकदा शाबूत असते, शब्द सापडत नाहीत, हे पुस्तकातही कळतं. पण कंगवा दाखवल्यावर माणूस केस विंचरून दाखवतो आणि नाव मात्र ओठांवर येत नाही, हे समोर पाहिलं की संशोधनाचे प्रश्न आपोआप सुचतात. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकाचा १८६१ मधला प्रसिद्ध रुग्ण जवळजवळ फक्त ‘टॅन’ एवढंच बोलायचा. असा एकाच रुग्णाचा सखोल अभ्यास या क्षेत्रात आजही चालतो, त्यामुळे रुग्ण कमी मिळाले म्हणून अडू नका. संख्याशास्त्र मात्र शिकाच (कंटाळवाणं आहे, खरंय). विषय हवा असेल तर द्विभाषिक रुग्ण घ्या. कारण बऱ्याचशा चाचण्या मुळात इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनलेल्या आहेत.