विश्व अफाट आहे, म्हणून आपले दुःख लहान ठरते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एकामागून एक आलेल्या अडचणींनी आपण थकला आहात, रात्री आकाशाकडे पाहिले की विश्वाच्या अफाटपणाने मन भारावून जाते, पण पाठोपाठ ‘मग आपल्या या धडपडीला अर्थ तो काय’ असेही वाटू लागते, आणि ‘एवढ्या मोठ्या विश्वात तुझे दुःख ते केवढे’ असे कोणी समजावले की धीर येण्याऐवजी आतून रिकामे वाटते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, असे आपण विचारले आहे. मी खगोलशास्त्रज्ञ नाही आणि मानसोपचारतज्ज्ञही नाही. हौसेने आकाश पाहते, आणि एका हिवाळ्यात हाच प्रश्न मलाही छळत होता, एवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

समजावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु त्यांचे मोजमाप चुकते. गुरूचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या अकरापट आहे, म्हणून गुरूवर घडणारी प्रत्येक गोष्ट अकरापट महत्त्वाची ठरत नाही. आणि आपण स्वतः एखाद्या दीर्घिकेएवढे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाएवढे, असतो तर मनाला लागलेली गोष्ट कमी लागली असती, असे मानायलाही आधार नाही. ठणकणाऱ्या दाताला आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेचे अंतर सांगून काय होणार? शिवाय हा युक्तिवाद नेहमी एकाच बाजूला लावला जातो. घरात मूल जन्मले की ‘एवढ्या मोठ्या विश्वात या बाळाचे ते काय’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. आनंदाला जो नियम लागू नाही तो दुःखालाच का लावावा? आणि प्रामाणिकपणे तो दोन्हीकडे लावायचा ठरवले, तर दुःखाबरोबरच, ज्या मायेपोटी ते दुःख झाले ती मायाही शून्यात जमा होते. आपल्याला जो रिकामेपणा जाणवतो तो बहुधा इथूनच येत असावा. निदान माझ्या बाबतीत तो इथूनच आला होता.

अफाटपणा मात्र खरा आहे, आणि तो नुसत्या शून्यांच्या रांगांतून कळत नाही. मी स्वतःला तो असा समजावून घेतला. सूर्य 1 मिलिमीटरचा, म्हणजे वहीवर पेनाने काढलेल्या ठिपक्याएवढा, आहे असे धरा. पृथ्वी मग त्याच पानावर सुमारे 11 सेंटिमीटरवर येते, आणि ती डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक होते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, या मापाने किती दूर असेल? मी पहिल्यांदा अंदाज केला तेव्हा खोलीच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले होते. उत्तर आहे सुमारे 29 किलोमीटर. एक ठिपका इथे, दुसरा ठिपका 29 किलोमीटरवर आणि मध्ये जवळपास काहीच नाही. याच मापाने आपली आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ 7 लाख किलोमीटर भरते, म्हणजे सूर्याचा ठिपका करूनही ती पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या खऱ्याखुऱ्या अंतराच्या पावणेदोनपट उरतेच. देवयानी दीर्घिकेपर्यंतचे अंतर मी इथे मांडत नाही, कारण तिथे हे मापही पुन्हा निरुपयोगी होते.

हे गणित मी ज्या दिवसांत केले ते दिवस चांगले नव्हते. वडील 67 वर्षांचे होते आणि त्यांचे आजारपण लांबत चालले होते. त्यांची देखभाल करण्यासाठी मी नोकरी सोडली होती. उपचारांच्या खर्चावरून भावाशी बोलणे बंद झाले होते. रात्री दोन वाजता त्यांना एक औषध द्यावे लागे. गजर दोनचा असे, पण मी बहुतेक वेळा आधीच जागी असे. औषध दिल्यावर त्यांना पुन्हा झोप लागेपर्यंत मी पश्चिमेकडच्या खिडकीशी उभी राहत असे. त्या अफाटपणाने मला त्या काळात कणभरही आधार दिला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उलट 29 किलोमीटरचा तो रिकामेपणा कधी कधी थेट खोलीत आल्यासारखा वाटे.

आधार मिळाला तो वेगळ्याच गोष्टीचा. डिसेंबरच्या मध्यावर, दोनच्या ठोक्याला, त्या खिडकीतून रोहिणीचा तांबूस तारा समोरच्या इमारतीच्या बराच वर दिसत असे. आठवड्याभराने मी पाहिले, तर त्याच वेळी तो थोडा खाली आलेला होता. नंतर आणखी खाली. कारण मला पुस्तकी पद्धतीने ठाऊक होते, पण त्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी खरे तर 24 तासांत नव्हे, तर 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत पूर्ण होते. दरम्यान पृथ्वी सूर्याभोवतीही पुढे सरकलेली असल्यामुळे सूर्य पुन्हा त्याच जागी दिसण्यासाठी तिला जवळजवळ चार मिनिटे आणखी फिरावे लागते. आपली घड्याळे सूर्याला बांधलेली आहेत, ताऱ्यांना नाहीत. म्हणून प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. चार मिनिटे म्हणजे आकाशात साधारण एक अंश. महिन्याभरात दोन तास, वर्षाअखेर पूर्ण फेरी.

आजारपणाच्या घरात काळ थांबतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना समजावून सांगायला नको. तोच गजर, तीच बाटली, तोच चमचा, कालच्यासारखीच आजची रात्र. त्या खिडकीत मात्र कालची रात्र आणि आजची रात्र यांत एक अंशाचा फरक असे, आणि तो साचत जाऊन आठवड्याभरात डोळ्यांनी दिसत असे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर या वेगाने जाते. म्हणजे एका औषधापासून दुसऱ्या दिवशीच्या औषधापर्यंत आम्ही दोघे, ती खाट आणि ती बाटली, असे सारे मिळून 25 लाख किलोमीटरांहून अधिक पुढे गेलेलो असायचो. मी अडकून पडले आहे ही माझी भावना खरी होती, पण ती वस्तुस्थिती नव्हती. हा फरक मला कोणत्याही उपदेशाने कळला नसता.

एका रात्री वडिलांना झोप लागेना, तेव्हा मी त्यांना उशीला टेकवून बसवले आणि रोहिणी दाखवली. ती सुमारे 65 प्रकाशवर्षे दूर आहे, हेही सांगितले: म्हणजे आज आपल्याला दिसणारा तिचा प्रकाश तुम्ही जेमतेम दोन वर्षांचे असताना तिथून निघाला, आणि तिकडून आत्ता कोणी इकडे पाहिले तर त्यांना तुमचे लहानपण दिसेल. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझं लग्न झालंय हे त्यांना अजून कळलेलंच नाही.” मी हसले, आणि तेही हसले. कित्येक आठवड्यांत आम्ही एकत्र हसलो नव्हतो. विश्वाच्या अफाटपणाने त्यांचे दुखणे लहान केले नाही, पण त्या रात्री बोलायला आजारपणाखेरीज एक विषय मिळाला, आणि त्या वेळी ते थोडे नव्हते.

आपण ‘मेळ’ हा शब्द वापरला आहे, म्हणून ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. 1618 च्या फेब्रुवारीत त्याची लहान मुलगी वारली. त्या आधी, 1615 पासूनच, त्याच्या वृद्ध आईवर चेटूक केल्याचा आरोप होता. पुढे 1620 मध्ये तिला अटक झाली, वर्षाहून अधिक काळ साखळदंडात ठेवले गेले, आणि तिचा बचाव करण्यासाठी तो स्वतः उभा राहिला. 1621 मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. मुलगी गेल्यानंतर त्याने ग्रहस्थितीच्या कोष्टकांचे काम बाजूला ठेवले, कारण त्या आकडेमोडीला शांतता लागते आणि ती त्याच्याजवळ नव्हती; त्याऐवजी तो ग्रहांच्या गतींमधील सुसंवाद शोधण्याच्या, त्याला अधिक प्रिय असलेल्या, कामाकडे वळला. 8 मार्चला एक नियम सुचला. हिशेबात चूक झाल्यामुळे त्याने तो टाकून दिला. 15 मेला तो पुन्हा त्याच्याकडे आला आणि या वेळी आकडे जुळले: ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. आठवड्याभरानंतर प्रागमध्ये त्या युद्धाची ठिणगी पडली, जे पुढे तीस वर्षे चालले.

दुःखातून प्रतिभा फुलते, असले काही मला सुचवायचे नाही. ते वाक्य ऐकले की मला राग येतो. मुलगी जिवंत असती तर केप्लरला तो नियम कदाचित आणखी लवकर सापडला असता. मला त्या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, त्याने आपले दुःख आणि ग्रहांच्या गती एकमेकांसमोर तराजूत घातल्या नाहीत. मुलीसाठी तो शोक करत होता, आईसाठी लढत होता आणि गुरू व शनी यांचे आकडेही तपासत होता. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले नाही. आपल्या मनात ज्या दोन भावना भांडत आहेत असे आपण लिहिले आहे, त्यांना भांडायला लावणारा मधला माणूस म्हणजे ती तुलना आहे. तिला बाजूला केले तर दोन्ही भावना एकाच घरात राहू शकतात, कधी शेजारी, कधी एकमेकींकडे पाठ फिरवून.

म्हणून ‘अर्थ काय’ या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे मागू नका, असे मी म्हणेन. त्याऐवजी एक तारा निवडा, एकच, आणि रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून, एखाद्या गच्चीची कड किंवा तारेचा खांब यांच्या आधाराने तो कुठे आहे ते पाहा. वहीत लिहिलेत तर उत्तम. दुर्बीण नको, अ‍ॅपही नको. पहिले तीन-चार दिवस काहीच घडत नाही असे वाटेल, आठव्या दिवशी फरक दिसेल.

आणखी एक गोष्ट, ज्यात मी उशीर केला. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच रस उरला नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालले असेल, किंवा जगूच नये असे मनात येत असेल, तर तो विश्वाविषयीचा तात्त्विक प्रश्न राहिलेला नाही. ताबडतोब जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. मी गेले ते एका मैत्रिणीने जवळजवळ ओढत नेले म्हणून, आणि त्या औषधोपचाराने जे झाले ते रोहिणीने झाले नसते.

जानेवारीच्या अखेरीस रात्री दोनला रोहिणी समोरच्या छपराआड गेलेली असे. मार्चमध्ये वडील गेले. गजर मी बंद केला, तरी दोनला जाग येण्याची सवय काही महिने सुटली नाही, आणि खिडकीशी जाण्याचेही मी टाळत होते. ऑगस्टच्या शेवटी अशीच एकदा जाग आली, तेव्हा पाणी पिऊन सहज पूर्वेच्या बाजूला गेले. ढग थोडे पांगले होते. कृत्तिकांच्या पुंजक्याखाली रोहिणी वर आलेली होती, तशीच तांबूस, आता दुसऱ्या बाजूने. थोडा वेळ पाहिली. दुसऱ्या रात्री ती चार मिनिटे आधी उगवली असणार. मी झोपलेली होते.