धाप लागते म्हणून अंथरूण धरायचे का?

वाचकांचे प्रश्न, छातीविकारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. त्यांनी कधी विडी ओढली नाही, पण लग्नापासून गॅस येईपर्यंतचा सगळा स्वयंपाक चुलीवर केला. गेल्या वर्षी त्यांना तीव्र स्वरूपाचा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी श्वासातून औषध घेण्याचे दोन पंप दिले असून घरी कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर) मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन सुरू केला आहे. नुसत्या आंघोळीने त्या इतक्या दमतात की नंतर बराच वेळ त्यांना बोलवत नाही. धाप लागेल या भीतीने त्यांनी ओटीवर येऊन बसणेही सोडले आहे आणि शेजारीपाजारी ‘आता त्यांना पूर्ण विश्रांती द्या’ असेच सांगतात. पावसात आमच्या वाडीतली वीज वरचेवर जाते. गणपतीत घर माणसांनी भरते, त्याचीही काळजी वाटते. रोजचे दिवस कसे निभवावेत?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : पूर्ण विश्रांतीचा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण कृपया तो मानू नका. सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि छाती फुगलेलीच राहते. चालताना श्वास जलद होतो, उच्छ्वासाला वेळ आणखी कमी मिळतो, हवा अधिकच कोंडते आणि माणूस घाबरा होतो. मात्र श्रमाने लागलेली आणि थांबल्यावर काही मिनिटांत बसणारी धाप फुफ्फुसांना नवी इजा करत नाही, ही गोष्ट सासूबाईंना शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगायला हवी. उलट, माणूस सतत पडून राहिला की मांड्यांचे स्नायू गळतात, गळलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो आणि महिन्यापूर्वी ओटीपर्यंत जाणाऱ्या बाईला खाटेवरून उठणेही जड होते. तेव्हा रोज थोडे चालणे हा औषधाचाच भाग समजा. किती चालायचे आणि चालताना ऑक्सिजन किती ठेवायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लांब नळी बसवता येत असेल तर त्यांना ओटीवर जरूर आणून बसवा, कारण माणसांपासून तुटल्याने येणारी उदासी या आजारात फार आढळते आणि तिच्याकडे घरातल्यांचे लक्षही उशिरा जाते.

धाप लागल्यावर काय करायचे हे धाप नसताना शिकून ठेवावे. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा आणि दिवा विझवताना धरतो तसे ओठ धरून चार अंकांपर्यंत सावकाश सोडायचा. जोर लावून फुंकायचे नाही. उठणे, पायरी चढणे, भांडे उचलणे अशी जोराची कृती श्वास सोडताना करायची. श्वास कोंडून काहीही करायचे नाही. बसून किंचित पुढे वाकून कोपरे मांड्यांवर टेकवली की श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो. हातात धरायचा छोटा पंखा गालांवर आणि नाकाजवळ फिरवल्यानेही धापेची जाणीव कमी होते. हा उपाय साधा वाटला तरी अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला आहे.

आता आंघोळ. तीव्र सीओपीडी असलेल्या माणसाला दिवसातले सर्वांत अवघड काम बहुधा हेच असते, कारण त्यात वाकणे, हात डोक्यावर नेणे, कोंदट वाफ आणि घाई हे सारे एकत्र येते. न्हाणीघरात पाटाऐवजी प्लास्टिकची उंच खुर्ची ठेवा आणि पाण्याची बादली स्टुलावर घ्या, म्हणजे तांब्या भरताना पोट दबणार नाही. पाणी कोमट असावे, दार किंचित उघडे राहू द्यावे आणि ऑक्सिजनची नळी नाकात तशीच ठेवावी. यंत्र मात्र बाहेर, पाण्यापासून दूर असावे. केस धुण्याचा दिवस वेगळा ठेवा आणि ते काम आपण करा. अंग पुसण्यात जाणारी शक्ती वाचवायची असेल तर पंच्याने रगडण्यापेक्षा मोठा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून त्यांना बसू द्यावे. पंपाचे औषध घेतल्यानंतर थोड्या वेळाने आंघोळ केली तर तीच आंघोळ पुष्कळ सुसह्य होते. पुढचे काम त्यानंतर लगेच लावू नये.

न्हाणीचे पाणी आपल्याकडे अजूनही नारळाची सोडणे, झावळ्या आणि करवंट्या जाळून तापवतात. स्वयंपाक गॅसवर आला तरी तो धूर घरात येतच राहतो. एवढी एक चूल बंद करता आली तर कोणत्याही टॉनिकपेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल. शेताची भाजावळ चालू असेल त्या दिवसांत धुराच्या बाजूच्या खिडक्या मिटून घ्याव्यात. सासूबाईंना स्वयंपाकात हातभार लावायचा असेल तर तो काढून घेऊ नका. फक्त विळीवर वाकण्याऐवजी टेबलाशी बसून सुरीने भाजी चिरू द्या. जेवण एकदम पोटभर नको, थोडे थोडे आणि अनेकदा द्यावे, कारण भरलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते. नुसत्या पेजेवर त्यांना ठेवू नका. अंडी, मासे, कुळथाची पिठी यांतून प्रथिने पोटात गेली पाहिजेत.

विजेची तयारी मात्र पावसाआधीच व्हायला हवी. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गालाही झोडपले. मिनिटाला 5 लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारे कॉन्सन्ट्रेटर साधारण 300 ते 400 वॅट वीज घेते, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टर त्यावर काही तासच टिकतो. म्हणून बी प्रकारचा भरलेला सिलिंडर रेग्युलेटरसह घरी असावा. त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे मिनिटाला 2 लिटरने तो अंदाजे 12 तास पुरतो. तो उघडायचा कसा हे घरातल्या निदान दोघांना आले पाहिजे आणि त्याची रंगीत तालीम उजेडातच करून घ्यावी. दुसरा सिलिंडर कुठून भरून मिळेल, रस्ता बंद झाला तर त्यांना कोणाकडे हलवायचे, हेही आधीच ठरवा.

गणपतीबद्दल आपण विचारलेत हे फार चांगले झाले. उत्सव टाळायचे कारण नाही. पण ऑक्सिजन चालू असताना समई, निरांजन, कापूर आणि उदबत्ती यांपासून किमान 10 फुटांचे अंतर हवेच, कारण ऑक्सिजनमुळे कपडा क्षणात पेट घेतो. आरतीच्या वेळी त्यांची खुर्ची माजघराच्या दारात, उघड्या खिडकीपाशी ठेवावी. धूप आणि फटाके यंदापासून बंद करावेत, घरातली वडीलधारी मंडळी समजून घेतील. नाक कोरडे पडते म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. डॉक्टरांकडून पाण्यावर आधारित मलम लिहून घ्या. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कोणाला सर्दी-ताप असेल तर त्याने दुरूनच नमस्कार करावा, हे बोलायला संकोच करू नये. फ्लूची वार्षिक लस आणि न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकॉकलची लस झाली नसेल तर घेऊन टाका.

कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला किंवा धाप नेहमीपेक्षा वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर दिसणे, असंबद्ध बोलणे किंवा सतत गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : मला घरी ऑक्सिजन दिला आहे, पण त्याची सवय लागेल म्हणून मी तो रोज दोन-तीन तासच घेतो. कधी फार दम लागला तर 5 लिटरपर्यंत वाढवतो. हे बरोबर आहे का?
– एक निवृत्त वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : दोन्ही गोष्टी आजच थांबवा. ऑक्सिजनची व्यसनासारखी सवय लागत नाही. विश्रांतीतही ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन सतत 88 टक्के किंवा त्याहून खाली असतो त्यांना तो दिवसाला किमान 15 तास, झोप धरून, घेतल्यानेच आयुष्य वाढते. 1980 आणि 1981 साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांवर हा सल्ला उभा आहे. दोन-तीन तासांनी तो लाभ मिळत नाही. प्रवाह मनाने वाढवणे याहून धोक्याचे आहे, कारण काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी डोके ठणकणे, झापड येणे असे सुरू होऊन माणूस बेशुद्धही पडू शकतो. अशा रुग्णांसाठी ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्रावर) 88 ते 92 टक्के एवढेच लक्ष्य ठेवतात. आपल्याला कोणता आकडा लागू आहे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद यंत्रालाच चिकटवून ठेवा.