फिनिक्सहून एका दिवसात सवारो निवडुंग आणि वाळवंटी प्राणी: कसं आखावं?

फेब्रुवारीत आई-बाबा येताहेत, आईंचे गुडघे दुखतात, मुलगी सहा वर्षांची, हाताशी एकच शनिवार, आणि सवारो नॅशनल पार्कचे दोन्ही भाग बघायचेत, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही भाग करू नका. एक टूसॉन शहराच्या पूर्वेला आहे, दुसरा पश्चिमेला आणि मध्ये अख्खं शहर. पाऊण-एक तास नुसता सिग्नलवर जाईल. पश्चिमेचा भाग घ्या. तिथे सवारोंची दाटी जास्त आहे आणि ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम तिथून अगदी जवळ आहे.

मॅपवर नुसतं पार्कचं नाव टाकलं तर पूर्वेच्या गेटवर पोचण्याची शक्यता असते. ‘रेड हिल्स व्हिजिटर सेंटर’ किंवा थेट म्युझियमचं नाव टाका, आणि मॅप आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

प्राण्यांबद्दल आधीच स्पष्ट सांगतो: दिवसाउजेडी उघड्या वाळवंटात पक्षी आणि खारी सोडून फारसं काही दिसत नाही. हावेलिना (रानडुकरासारखा प्राणी), कोयोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद), बॉबकॅट (रानमांजर) हे सगळे पहाटे, संध्याकाळी आणि रात्री फिरणारे. त्यामुळे प्राणी म्युझियममध्ये आणि निवडुंग पार्कमध्ये, अशी वाटणी करा. नावात म्युझियम असलं तरी ते बरंचसं उघड्यावरचं प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान आहे, 1952 पासूनचं. पार्कशी त्याचा संबंध नाही, तिकीट वेगळं लागतं आणि पार्कचा पास तिथे चालत नाही.

क्रम महत्त्वाचा. फेब्रुवारीत म्युझियम साडेआठला उघडतं. फिनिक्सहून दोन तास धरून साडेसहाला निघा. आत शिरल्याशिरल्या सरपटणाऱ्यांचं दालन आणि खनिजांची गुहा लागते आणि बहुतेक लोक तिथेच तासभर रेंगाळतात. तोवर बाहेरचे प्राणी ऊन खाऊन आडवे होतात. ती दोन्ही ठिकाणं छताखालची आहेत, दुपारी बघा. आधी प्यूमा, मेक्सिकन लांडगा, ऑसेलॉट (ठिपक्यांचं रानमांजर) आणि डेझर्ट लूप या म्युझियममधल्याच वाटेवरचे हावेलिना-कोयोटी गाठा. लूपवर सावली नाही आणि वाट खडीची आहे, म्हणून तो सकाळीच उरकावा. वाटा एकूण तीनेक किलोमीटर भरतात, चढउतारही आहेत. आईंसाठी व्हीलचेअर घ्या, संकोच करू नका.

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शिकारी पक्षी मोकळे उडवून दाखवतात. वेळ त्याच दिवशी वेबसाइटवर बघा आणि बाकी सगळं त्याभोवती बसवा. हॅरिस हॉक हे ससाणे टोळीने शिकार करतात, शिकारी पक्ष्यांत हे विरळाच. ते अगदी डोक्यावरून जातात, तेव्हा मुलीला खांद्यावर घ्यायचं नाही आणि फोन धरलेला हात वर करायचा नाही. हमिंगबर्डच्या पिंजऱ्यात मात्र दहा मिनिटं गप्प बसावं, फिरत राहिलं तर काही हाती लागत नाही.

दुपारी दीड-दोनला पार्क. गाडीमागे 25 डॉलर, सात दिवस चालतात. पार्कात खायला काही मिळत नाही, म्हणून म्युझियममध्येच जेवून घ्या किंवा धपाटे-चटणी बांधून न्या. पाणी माणशी चार लिटर गाडीत असू द्या. थंडीतही हवा इतकी कोरडी असते की घाम जाणवत नाही आणि डोकं दुखायला लागल्यावर कळतं.

आईंसाठी डेझर्ट डिस्कव्हरी ट्रेल: जेमतेम पाऊण किलोमीटर, पक्की, सपाट. मग बजाडा लूप, साधारण दहा किलोमीटरचा कच्चा रस्ता. साध्या सेडानला चालतो, फक्त सावकाश न्या. वाटेत सिग्नल हिल या टेकडीवर होहोकाम या इथल्या प्राचीन लोकांनी खडकावर कोरलेली चित्रं आहेत. अंतर थोडं असलं तरी शेवटी पायऱ्या आहेत. व्हॅली व्ह्यू ट्रेल जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर, तिथून खाली सवारोंचं रान दिसतं. लांबचे ट्रेल सोडून द्या.

सवारो बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिली फांदी फुटायला सहसा पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. खोडातली भोकं रोगाची नव्हेत, सुतारपक्ष्यांनी घरट्यासाठी पाडलेली. पुढे त्यांत घुबडंही राहतात. लहान रोप शोधायचं तर पालो व्हेर्दे झाडाच्या बुडाशी शोधा, त्याच सावलीत ते तगतं. फुलं फेब्रुवारीत नसतात, ती एप्रिलअखेर ते जून. आपल्याकडचा फड्या निवडुंग मूळ याच खंडांतला, त्याची भावंडं इथे पावलोपावली दिसतील.

खरा त्रास चोया या काटेरी निवडुंगाचा. लांबून मऊ, लोकरीसारखा दिसतो, मुलं हात लावतात. नुसता निसटता स्पर्श झाला तरी त्याचा अख्खा काटेरी गोळा तुटून अंगाला चिकटतो, कारण काट्यांना सूक्ष्म उलटे दात असतात. दुसऱ्या हाताने ओढलं की दोन्ही हात अडकतात. रुंद दातांचा कंगवा खिशात ठेवा: गोळा आणि कातडी यांच्यामध्ये घालून एका झटक्यात उडवायचा, समोर कोणी नाही हे बघून. उरलेले काटे चिमट्याने, आत शिरले तसेच सरळ बाहेर ओढायचे. पायात बंद बूट आणि लांब पँट, सँडल नको.

फेब्रुवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. गेट्स पास या जवळच्या घाटावरून सूर्यास्त सुंदर दिसतो, पण पार्किंग लवकर भरतं, तासभर आधी पोचा. मोठी आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) किंवा ट्रेलर असेल तर त्या घाटात नेता येत नाही. अंधार पडताच तापमान झपाट्याने उतरतं, स्वेटर हाताशीच ठेवा.

तारखा पुढे ढकलून जून-जुलैत गेल्या तर हा सगळा बेत बदलावा लागेल: चालणं सकाळी नऊच्या आत संपवायचं आणि पावसात रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. अडथळे लावलेला रस्ता ओलांडून अडकलात तर ॲरिझोनाच्या कायद्यानुसार सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.