आयरिशमधलं ‘बेर्त’: भारा, वीर आणि आपले दोघं-तिघं

तुमचा प्रश्न असा: आयरिशमध्ये ‘दोन’ला शब्द असताना ‘दोन माणसं’ म्हणायला ‘बेर्त’ हा वेगळाच शब्द का, आणि तो आला कुठून?

मी दीडेक वर्ष आयरिश शिकतोय. सुरुवातीला मीही इथेच अडखळलो होतो. मग लक्षात आलं, आपण तरी दुसरं काय करतो? खुर्च्या दोन, पण माणसं दोघं. आपलं चौघांपाशी संपतं आणि पुढे पाचजण, सहाजण सुरू होतं. आयरिश मात्र थेट दहापर्यंत जाते. नुसतं मोजताना ‘अ दो’, वस्तूंना (आणि कुत्र्यांनाही) ‘गा’, माणसांना ‘बेर्त’. दोघी-तिघींची भानगड नाही, बायकांनाही ‘बेर्त’च.

जुन्या आयरिशमध्ये ‘बेर्त’ म्हणजे ओझं; तोच शब्द पुढे दोन माणसांसाठी आला. वाहून नेणे या अर्थाच्या ‘बेर’ धातूपासूनचा शब्द. संस्कृत ‘भृ’ त्याच कुळातला, म्हणजे ‘बेर्त’ आपल्या ‘भारा’ या शब्दाचा लांबचा भाऊबंद!

पुढचे शब्द वेगळ्या घडणीचे. त्र्यूर (तिघं), केहरर (चौघं), कूगर (पाचजण) यांच्या शेपटात ‘पुरुष’ या अर्थाचा जुना शब्द झिजून बसलाय. तो आपल्या ‘वीर’चा सगोत्र. त्र्यूर म्हणजे अक्षरशः ‘त्रि-वीर’. माझा सगळ्यात लाडका मात्र सातजणांचा ‘मोर-हेशर’: ‘मोर’ म्हणजे मोठा, ‘शेशर’ म्हणजे सहाजण. मोठे सहाजण म्हणजे सात!

व्याकरणात खरी मेख एकच. ‘बेर्त’ स्त्रीलिंगी नाम आहे. त्याच्यापुढे येणारं नाम षष्ठी बहुवचनात जातं आणि त्याचं पहिलं व्यंजन मऊ पडतं. ‘फ्यार’ म्हणजे पुरुष, पण दोन पुरुष म्हणताना ‘फ’ चक्क गायब होतो: ‘बेर्त आर’. (लिहिताना तो असतो, पुढे एक ‘ह’ चिकटवून.) दोन बायका ‘बेर्त वन’, तिथे ‘ब’चा ‘व’ झालाय. द, त, स या अक्षरांनी सुरू होणारी नामं सुटतात, म्हणून दोन पाद्री ‘बेर्त सागर्त’च. त्र्यूरनंतर हे मऊ पडणं नाही: ‘त्र्यूर फ्यार’, ‘फ’ शाबूत.

दहाच्या पुढे साधे आकडे. अपवाद बारा जणांचा, ‘दारेग’. त्यात ‘दोन-पुरुष-दहा’ असे तीन शब्द कोंबलेत, आणि ‘फ्यार’चा ‘फ’ तिथेही गिळलेलाच.