जो विसरत नाही, त्याला अडचणीत आण

प्रिय मित्रा,

रोज सकाळी आदल्या दिवसाचं सगळं विसरणाऱ्या नायिकेवरची तुझी संहिता वाचली. संवाद खटकेबाज आहेत, नायक रोज नवा बहाणा काढून तिला गाठतो ते प्रसंग तर फार गोड उतरलेत. पण एक गोष्ट टोचली, ती आधी सांगतो. त्याला सगळं आठवतं, तिला काहीच नाही. काल ती कशावर हसली, कुठल्या वाक्याला चिडली, हे सगळं गाठीशी बांधून तो आज समोर उभा राहतो आणि तिच्या लेखी तो परका असतो. हा फार मोठा वरचष्मा आहे. तू तो विनोदात विरघळवून टाकलास.

'फिफ्टी फर्स्ट डेट्स' (2004) हा हॉलिवूडचा सिनेमा पुन्हा बघ. नायक हेन्रीच्या करामती सोड, नायिका लूसीच्या घरच्यांकडे बघ. अपघातानंतर तिच्यासाठी रोज 13 ऑक्टोबरच उजाडतो, वडिलांचा वाढदिवस. वडील आणि भाऊ तोच जुना पेपर पुढ्यात ठेवतात, तोच सिनेमा लावतात, तिने रंगवलेली भिंत रात्री पुन्हा पांढरी करतात. माया खरीच आहे, पण तिला अंधारात ठेवून केलेली. हेन्री व्हिडिओ कॅसेट बनवतो तिथून मला हा सिनेमा मनापासून आवडतो. सकाळी तिला खरं कळतं, ती कोसळते, सावरते, मग दिवस तिच्या हातात येतो. पुढे नातं तोडायचं हेही तीच ठरवते.

आजाराचा अभ्यास कर. त्या सिनेमातला आजार कल्पित आहे. झोपेत स्मृती पुसली जाणं ही पटकथेची सोय. खरी उदाहरणं बघ. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या रुग्णावर 1953 साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर लक्ष जरा दुसरीकडे गेलं की आत्ताचं बोलणंही त्याच्या मनातून निसटायचं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. त्याचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला, आणि हे आपण आधी केलंय याचा त्याला गंधही नव्हता. इंग्लंडमधले संगीततज्ज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांची स्मृती 1985 मध्ये मेंदूच्या संसर्गाने गेली. पत्नी डेबोरा आली की ते दरवेळी युगांनी भेटल्यासारखे हरखायचे. म्हणजे आठवण गेली तरी सवय आणि ओढ उरते. सिनेमातल्या लूसीला तिचा हेन्री आठवत नाही, तरी ती त्याचीच चित्रं काढत बसते, ते मला म्हणूनच पटतं.

तेव्हा हसू नायकावर येऊ दे. कालची युक्ती आज सपशेल पडू दे. माणसाचा मूड काही रोज तोच नसतो. तिला खरं मध्यंतराच्या आत कळलंच पाहिजे, शक्यतो तिच्याच हस्ताक्षरातल्या वहीतून. तिच्यासाठी प्रत्येक दिवस पहिलाच, म्हणून हात धरण्याआधीही त्याने रोज नव्याने विचारायला हवं. आणि तिची आई नुसती डोळे पुसते, हे बदल. लेकीला ही बातमी कशी सांगावी याच्या किती तऱ्हा तिने करून पाहिल्या असतील! चहाआधी की नंतर, इथपासून. त्यात केवढी गंमत आहे, आणि केवढं प्रेम.

पावसाळ्याआधी नवा खर्डा पाठव. त्यात तिची एक अख्खी सकाळ लिही, नायक दारात यायच्या आधीची.

तुझा,
दादा